एकोणीस दिवस

मे महिन्यात नागपूरला गाडी धुवायची
तर पहाटे साडेपाचला.
नंतर पाणी टाकता टाकताच वाळते.
पिवळा रंग मारून घेतला, काळा पट्टा नव्यानं ओढला,
आग विझवायची नळकांडी सदरहून भरून आणली,
मलमपट्टीच्या डब्यातला घट्ट झालेला आयोडिन फेकला.
शकूर मिस्त्रीला म्हटलं, भाऊ,
डावा इंडिकेटर फार घाईत लुकलुकून राह्यला,
खोटं बोलणाऱ्याच्या पापणीसारखा.
तो म्हणाला, मागचा बल्ब गेला आहे,
म्हणून पुढचा धावते.

बायको म्हणते, फिटनेसलाच चाललात ना,
का गाडीला पाहुणे पाहायला येऊन राह्यले?
तिला मागच्या वर्षीचं माहीत नाही.

मागच्या वर्षी शाळा उघडली
आणि दोन दिवसांनी कागद संपला.
पैसे नव्हते असं नाही. खोटं काहून सांगू.
सकाळची पाळी, दुपारची पाळी, मधे कूलरसमोर झोप.
आज जाऊ, सोमवारी जाऊ.
असे एकोणीस दिवस
मी अकरा पोरं घेऊन मानेवाड्याहून निघत होतो.
मेडिकल चौकात पांढरा शर्ट दिसला
की आतल्या बोळीत वळायचो.
पोरांना तो बोळ फार आवडला.
तिथं एका ओट्यावर काळी बकरी बांधलेली असे,
ती आपल्याला नावानं ओळखते असं त्यांचं म्हणणं.
ईश्वरी ढोमणेनं बोळीचं नाव ठेवलं चोरगल्ली.
काका, आज पण चोरगल्लीनं!
आणि मी आरशात त्यांच्याकडे पाहून हसायचो.

काही झालं नाही.
एकोणीस दिवसांत साधं पंक्चर झालं नाही.
झालं असतं तर शिक्षा झाली असती, संपलं असतं.
झालं नाही
म्हणून ते चालूच आहे.

आज रांगेत माझ्यापुढं सात ऑटो आणि एक विटांचा ट्रक.
वासनिक मॅडम बाजूच्या सीटवर बसल्या,
दुपट्टा तोंडाला गच्च, फक्त डोळे उघडे.
चाळीसवर न्या. मी म्हटलं की दाबा.
म्हणाल्या. दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली,
सीटखालचं सगळं मात्र पुढे आलं:
पेन्सिलीचं टोपण, डाव्या पायाचा मोजा,
बोराच्या बिया,
आणि एक स्टीलचा डबा, गडगडत
मॅडमच्या बुटाला लागून आडवा झाला.
झाकणावर कोरलेलं, ई. ढोमणे.
त्यांनी उघडला. आत तूप-साखरेची पोळी,
गुंडाळलेली, दगड झालेली.
एप्रिलची?
एप्रिलची.
ब्रेक चांगले आहेत, त्या म्हणाल्या.
झाडूनही घेत जा.

मग फाईल. जुना कागद, त्याच्यामागचा जुना कागद.
एका तारखेवर एक बोट, दुसरीवर दुसरं.
मधल्या जागेत त्या जरा थांबल्या.
दंड भरलेला दिसतो. तेव्हा गाडी उभी होती का?

उभी होती, असं म्हणायला
तोंड उघडलंच होतं मी.
डबा मांडीवर होता, ऊन लागून तापलेला.
नाही, म्हटलं. चालू होती. अकरा पोरं होती.

त्यांनी पाहिलं.
दुपट्ट्यावरचे दोन डोळे काय म्हणाले
ते मला अजून समजलं नाही.
सही केली. शिक्का मारला.
पुढचा, त्या म्हणाल्या.

घरी येऊन डबा चिंचेनं घासला.
पुढच्या वर्षीची तारीख आरशाखाली लिहिली,
मोठ्या अक्षरात, मागच्या सीटवरून वाचता येईल अशी.
ईश्वरी आता पाचवीत. तिला सांगणार आहे,
महिनाभर आधीपासून मला रोज छळायचं.
आणि आता सरळ रस्त्यानं जायचं, चौकातून,
पांढऱ्या शर्टासमोरून.

पोरं विचारतील, बकरीचं काय?
त्याचं उत्तर काही
माझ्याजवळ नाही.